मद्यार्कातले पाणी आणि दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड

मळी आंबवून तयार झालेल्या वॉशमध्ये अल्कोहोल असते साधारण आठ ते बारा टक्के. उरलेले जवळजवळ सगळे पाणी. पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल मात्र किमान 99.5 टक्के शुद्ध लागते. या दोन आकड्यांच्या मध्ये आसवनीच्या वाफेचा मोठा खर्च दडलेला आहे. थर्मोडायनॅमिक्सच्या हिशेबाने दहा टक्क्यांच्या द्रावणातून एक किलो इथेनॉल वेगळे काढायला लागणारे किमान कार्य पाव मेगाज्यूलहूनही कमी भरते. तेच एक किलो इथेनॉल जाळले तर जवळपास 27 मेगाज्यूल उष्णता मिळते. म्हणजे निसर्गनियम मागतो तो खर्च इंधनातल्या ऊर्जेच्या एक टक्काही नाही. प्रत्यक्षात आसवनीत लिटरमागे दोन-तीन किलो वाफ लागते, आणि ती त्या लिटरमधल्या ऊर्जेच्या पाव हिश्शाच्या आसपास जाते.

इतका मोठा फरक दिसला की कोणताही रसायन अभियंता अस्वस्थ होतो. गेल्या सत्तर वर्षांत या फरकावर जे उपाय सुचले, त्यांत दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने अल्कोहोल पाण्यातून ओढून घेण्याचा उपाय सर्वांत मोहक म्हणावा लागेल. हा वायू स्वस्त आहे, जळत नाही, अन्नात उरला तरी अपाय करत नाही. शिवाय आंबवणाच्या टाकीतून तो आपोआपच बाहेर पडतो. साध्या साखरेच्या एका रेणूतून अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू तयार होतात; वजनात मोजले तर प्रत्येक किलो इथेनॉलमागे जवळजवळ 960 ग्रॅम वायू. वेगळे करायचा पदार्थ आणि त्याला वेगळे करणारा द्रावक एकाच टाकीत जन्मतात. तरीही इंधनाचे इथेनॉल बनवणाऱ्या आसवन्यांनी आजवर ही वाट धरलेली नाही. त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत, कारण त्यांतूनच ही पद्धत खरी कुठे उपयोगी पडेल हेही कळते.

कार्बन डायऑक्साइडचे क्रांतिक तापमान 31 अंश सेल्सिअस आणि क्रांतिक दाब सुमारे 74 बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या त्र्याहत्तर पट. या दोन्ही मर्यादा एकदम ओलांडल्या की त्या पदार्थाला द्रव म्हणता येत नाही आणि वायूही म्हणता येत नाही. त्या अवस्थेला अतिक्रांतिक किंवा सुपरक्रिटिकल म्हणतात. घनता द्रवाच्या जवळची, पण वाहण्याची आणि झिरपण्याची चपळाई वायूच्या जवळची. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही घनता हवी तशी बदलता येते. 40 अंशांवर 80 बारला एका लिटरमध्ये साधारण 280 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मावतो, 100 बारला सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास आणि 200 बारला 840. घनता वाढली की पदार्थ विरघळवण्याची ताकद वाढते आणि दाब उतरवला की विरघळलेले सगळे सुटून खाली पडते. पेट्रोलियम ईथर किंवा बेंझिन वापरले तर नंतर ते उकळून काढावे लागते. इथे झडप उघडून काम भागते, निदान तत्त्वतः तरी.

ही अवस्था पहिल्यांदा जाणवली ती 1822 मध्ये, फ्रान्समधल्या शार्ल कान्यार द ला तूर यांना. बंदुकीच्या नळीत अल्कोहोल आणि एक गारगोटीची गोळी घालून त्यांनी ती नळी बंद केली आणि तापवली. आत द्रव आहे तोवर गोळीचा आवाज एक येई, ठराविक तापमानानंतर तो बदले. पुढे काचेच्या नळ्यांत त्यांनी द्रवाचा पृष्ठभाग दिसेनासा होताना पाहिला. कार्बन डायऑक्साइडवरचे निर्णायक काम बेलफास्टच्या टॉमस अँड्रूज यांचे. 1869 मधल्या व्याख्यानात त्यांनी 30.92 अंश हा आकडा दिला. आजच्या मापनाशी तो जवळजवळ जुळतो, आणि त्या काळातल्या काचेच्या नळ्या आणि पाऱ्याची साधने पाहता ही अचूकता थक्क करणारी आहे. दहा वर्षांनी हॅने आणि होगार्थ यांनी दाखवले की अशा दाट वायूत घन क्षारसुद्धा विरघळतात आणि दाब कमी केला की बर्फासारखे खाली बसतात. त्यांनी वापरलेला दाट वायू अल्कोहोलचाच होता.

अल्कोहोल, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड या त्रिकुटाचा सुरुवातीचा नेटका अभ्यास मात्र मद्याच्या किंवा इंधनाच्या निमित्ताने झाला नाही. अमेरिकेतले टॉमस अँडरसन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू पाहत असत. नमुना सुकताना पाण्याचा पृष्ठताण त्याला चपटा करून टाकतो, म्हणून 1951 मध्ये त्यांनी एक युक्ती काढली. पाण्याच्या जागी आधी अल्कोहोल आणायचे, अल्कोहोलच्या जागी द्रव कार्बन डायऑक्साइड, आणि शेवटी क्रांतिक बिंदू ओलांडून तो वायू सोडून द्यायचा. द्रवाचा पृष्ठभागच तयार होत नाही, त्यामुळे पेशीचा आकार टिकतो. या कामात नमुन्यात किती पाणी उरले तर चालेल हे कळणे गरजेचे होते, म्हणून बेकर आणि अँडरसन यांनी 1957 मध्ये या तीन द्रव्यांचे संबंध उच्च दाबाखाली मोजले. त्याच दशकात फ्रान्सिस यांनी द्रव कार्बन डायऑक्साइडमध्ये शेकडो द्रव्ये किती विरघळतात याची मोठी जंत्री केली. 1959 मध्ये एल्गिन आणि वाइनस्टॉक यांनी पाण्यात पूर्ण मिसळलेले ॲसिटोनसारखे द्रव दाट इथिलीन वायूच्या दाबाने वेगळे थर करून बसवता येतात हे दाखवले. मीठ टाकल्यावर अल्कोहोल पाण्यातून बाजूला होते, तसेच हे काम एक वायू करत होता. पुढच्या साऱ्या आशेचे बीज या प्रयोगात आहे असे मला वाटते.

उद्योगाला खात्री पटली ती कॉफीमुळे. जर्मनीत म्युलहाइमच्या माक्स प्लांक कोळसा संशोधन संस्थेत कुर्ट झोझेल यांनी 1960 च्या दशकात ओल्या कॉफीबियांतून दाट कार्बन डायऑक्साइडने कॅफिन काढून दाखवले आणि पुढच्या दशकात ब्रेमेनला कारखाना उभा राहिला. पाठोपाठ बिअरसाठी लागणाऱ्या हॉप्सचा अर्क याच मार्गाने निघू लागला. मसाल्यांचे अर्क आणि सुगंधी तेलेही आली. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या ममता मुखोपाध्याय यांनी नैसर्गिक अर्कांसाठीच्या या तंत्रावर 2000 साली एक संपूर्ण ग्रंथ लिहिला; हळद-मिऱ्याच्या देशात हा विषय शिकणाऱ्याला तो अजूनही उपयोगी पडतो.

मग 1973 आणि 1979 ची तेलसंकटे आली. ब्राझीलने 1975 मध्ये उसाच्या अल्कोहोलचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, अमेरिकेने मक्याचा. लगेच एक बोचरा प्रश्न पुढे आला: इथेनॉल गाळायला जेवढे इंधन जळते ते वजा केल्यावर हाती काय उरते? याच सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या आर्थर डी. लिटल या सल्लागार कंपनीत डी फिलिपी, मोझेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉशमधले अल्कोहोल कार्बन डायऑक्साइडने काढायची योजना मांडली आणि तिच्यासाठी स्वतंत्र कंपनीही निघाली. डेलावेअर विद्यापीठात पॉलायटिस, नोत्र दामच्या प्रयोगशाळेत मॅकह्यू आणि कोन, जपानमध्ये ताकिशिमा, इनोमाता आणि इतर, सगळे एकाच वेळी या त्रिकुटाचे आलेख मोजू लागले. 1980 चे दशक या प्रश्नाचे सुगीचे दशक होते.

त्या मोजमापांतून निघालेली पहिली गोष्ट उत्साह वाढवणारी नव्हती. कार्बन डायऑक्साइडचा रेणू बाहेरून पाहता ध्रुवीय नाही. इथेनॉलच्या कार्बनी शेपटीशी त्याचे जमते, पण इथेनॉलचे दुसरे टोक हायड्रोजन बंधांनी पाण्याला घट्ट धरून असते. पाणी भरपूर असेल तेव्हा इथेनॉल पाण्यातच राहणे पसंत करते. दोन्ही थर समतोलात आले की कार्बन डायऑक्साइडमधले इथेनॉलचे वजनी प्रमाण पाण्यातल्या प्रमाणाच्या फार तर दहाव्या भागाएवढे असते, पुष्कळदा त्याहूनही कमी. आता हिशेब करून पाहा. शंभर किलो वॉशमध्ये दहा किलो इथेनॉल आहे. वर चढणारा कार्बन डायऑक्साइड आणि खाली उतरणारा वॉश समोरासमोर आणणारा कितीही उंच स्तंभ बांधला, तरी बाहेर पडणाऱ्या वायूत एक टक्क्याहून जास्त इथेनॉल असू शकत नाही. दहा किलो बाहेर काढायला किमान हजार किलो कार्बन डायऑक्साइड फिरवावा लागतो. म्हणजे किलोमागे शंभर किलो, आणि हे आदर्श स्थितीत.

याच हिशेबातून शुद्धतेचेही उत्तर मिळते. पाणी कार्बन डायऑक्साइडमध्ये फारसे विरघळत नाही, पण अगदी शून्यही नाही. 40 अंश आणि 100 बारच्या आसपास हजार किलोत दोनेक किलो पाणी जाते. त्या हजार किलोबरोबर दहा किलो इथेनॉल आले तर वायू सोडल्यावर हाती येणारे मिश्रण ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांचे असेल. दहा टक्क्यांवरून एका झेपेत ऐंशीच्या वर! उकळून गाळताना पहिल्या वाफेत पन्नास-बावन्न टक्क्यांपर्यंतच पोचता येते. इथे ही पद्धत खरोखर बाजी मारते, आणि त्या काळातल्या संशोधकांना तिने का भुरळ घातली हे समजते.

अडचण पुढच्या टप्प्यावर सुरू होते. साध्या ऊर्ध्वपातनाने 95.6 टक्क्यांपलीकडे जाता येत नाही हे आसवनीत काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्या प्रमाणाला अल्कोहोल आणि पाणी 78.2 अंशांवर एकजीव उकळतात आणि वाफेतही तेच प्रमाण राहते. याला ॲझिओट्रोप म्हणतात. कार्बन डायऑक्साइड ही भिंत ओलांडू शकतो का, यावर संशोधकांत बरीच वर्षे मतभेद राहिले. सुरुवातीच्या मोजमापांत नव्वद टक्क्यांच्या आसपास सगळे अडत होते. कारण असे, की वायूत इथेनॉल वाढू लागले की तेच पाण्याला सोबत घेऊन वर चढते. वायू पाण्याला थारा देत नाही, पण त्यात विरघळलेले इथेनॉल देते. दोन्ही थरांतला फरक मग कमी कमी होत जातो आणि एका बिंदूला ते एकच होऊन जातात. तिथे वेगळे करायला काही उरतच नाही.

मला या प्रश्नातला सर्वांत सुंदर भाग वाटतो तो या कोंडीतून निघालेल्या वाटेचा. 40 अंशांवर 81 बारच्या वर इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड पूर्ण मिसळतात, त्यांच्यात कुठलाही पृष्ठभाग उरत नाही. तेव्हा 100 बारला काम केले तर इथेनॉलच्या बाजूला रस्ता बंद होणारच. पण 60 अंशांवर त्यांना पूर्ण मिसळायला 106-107 बार लागतात. मग त्या तापमानाला 100 बारवर थांबायचे. मिसळण्याच्या सीमेच्या किंचित अलीकडे. इथेनॉलचा द्रव थर आणि वायूचा थर हे दोन्ही शेवटपर्यंत, अगदी शुद्ध इथेनॉलपर्यंत, वेगळे राहतात आणि पायरीपायरीने पाणी मागे टाकत वर जाता येते. हॅम्बुर्ग-हारबुर्गच्या तांत्रिक विद्यापीठात बुडिश आणि ब्रुनर यांनी 2003 मध्ये याच परिस्थितीतला अभ्यास प्रसिद्ध केला आणि ॲझिओट्रोपची भिंत अशी ओलांडता येते हे मांडले. त्याआधी जपान आणि कोरियातल्या काही मोजमापांनीही तेच सुचवले होते. जुन्या आणि नव्या निष्कर्षांतला विरोध वरवरचा होता, हे आता मागे वळून पाहता स्पष्ट दिसते. पहिले जास्त ताकदीच्या द्रावकाच्या शोधात होते. दुसऱ्यांनी ताकद मुद्दाम कमी ठेवली. 60 अंश आणि 100 बारला कार्बन डायऑक्साइडची घनता लिटरला तीनशे ग्रॅमच्याही खाली असते. तो द्रवापेक्षा वाफेसारखाच वागतो. तेव्हा त्याची ओझे वाहण्याची शक्तीही कमी होते आणि फिरवायचा वायू आणखी वाढतो. निवडकपणा हवा तर वहनशक्ती सोडा, असा हा सौदा आहे, आणि प्रत्येक कारखान्याला तो आपल्या मालाच्या किमतीकडे पाहून करावा लागेल.

आता झडप उघडून काम भागते या दाव्याकडे परत यायला हवे. कॅफिन किंवा हळदीचा अर्क यांच्याबाबतीत ते बरेचसे खरे आहे, कारण ते उडून जाणारे पदार्थ नाहीत. इथेनॉल उडणारे आहे. दाब उतरवला तरी त्याचा काही भाग वायूत तरंगत राहतो आणि वायू परत स्तंभाकडे गेला की तोही बरोबर जातो. म्हणून या कामाच्या गंभीर आराखड्यांत दाब एकदम सोडलेला नसतो. अल्कोहोल घेतलेला कार्बन डायऑक्साइड एका लहान ऊर्ध्वपातन स्तंभात नेतात, तिथे तो उकळून वर जातो आणि तळाशी अल्कोहोल उरते. 20 अंशांवर एक किलो द्रव कार्बन डायऑक्साइड उकळायला सुमारे 150 किलोज्यूल पुरतात. पाण्याला 2,257 लागतात. ऐकायला फार स्वस्त वाटते. पण किलो इथेनॉलमागे शंभर किलो वायू उकळायचा म्हणजे पंधरा मेगाज्यूल, आणि ती वाफेने द्यायची ठरवली तर जुनी भट्टीच बरी. म्हणून डी फिलिपी यांच्या गटाने वर गेलेला वायू थोडासा दाबून गरम करायचा आणि त्याच्याच उष्णतेने तळाचा द्रव उकळायचा, अशी जोडणी केली. उष्णता आत फिरत राहते, बाहेरून फक्त कॉम्प्रेसरची वीज लागते. दाबातला फरक लहान ठेवला तर ही वीज आटोक्यात राहते. कागदावर ही बचत खरी आहे. माझ्या मते या पद्धतीच्या बाजूने मांडलेला सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे.

मग ती उभी का राहिली नाही? एक कारण बाजाराचे. 1986 मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि इथेनॉलसाठी नवे, महागडे, उच्च दाबाचे कारखाने बांधायची निकड संपली. आर्थर डी. लिटलमधून निघालेली कंपनी अल्कोहोल सोडून दूषित गाळाकडे वळली; 1988 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्याच न्यू बेडफर्ड बंदरातला विषारी गाळ द्रव प्रोपेनने धुण्याचे प्रात्यक्षिक तिनेच केले. प्रोपेनचा विचार इथेनॉलसाठीही झाला होता. अर्जेंटिनाच्या ब्रिन्योले यांनी 1987 मध्ये तपशिलाने मांडले की प्रोपेन आणि आयसोब्युटेन यांसारखे वायू पाणी शेवटपर्यंत काढण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा सरस ठरू शकतात. पण प्रोपेन पेट घेतो, आणि मग या पद्धतीचा मूळ गोडवा बराचसा जातो.

दुसरे कारण प्रतिस्पर्ध्याचे. शेवटचे चार-पाच टक्के पाणी काढायला पूर्वी बेंझिन घालून तिहेरी मिश्रण गाळत. सिडनी यंग यांनी 1902 मध्ये ही युक्ती दाखवली होती. बेंझिन कर्करोगकारक, म्हणून पुढे सायक्लोहेक्झेन आले. त्यानंतर आण्विक चाळण्या आल्या आणि त्यांनी हे सगळे मोडीत काढले. या झिओलाइट खड्यांची छिद्रे तीन अँगस्ट्रॉमची असतात. पाण्याचा रेणू त्यात शिरतो, इथेनॉलचा बाहेर राहतो. दोन-तीन टाक्या आळीपाळीने भरायच्या आणि रिकाम्या करायच्या. कुठलाही द्रावक नाही आणि दाबही किरकोळ. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजसारख्या कंपन्यांनी हीच यंत्रणा देशभर आणि परदेशातही बसवली. ॲझिओट्रोपची भिंत ओलांडणे हे कार्बन डायऑक्साइडचे मोठे यश ठरायच्या आतच ती भिंत दुसऱ्या बाजूने पडली होती.

महाराष्ट्रातल्या आसवनीच्या बाजूने विचार केला तर आणखी काही गोष्टी समोर येतात, आणि परदेशी अभ्यासांत त्या सहसा सापडत नाहीत. द्रव कार्बन डायऑक्साइडचे आराखडे 20-25 अंशांच्या थंड पाण्यावर आखलेले होते. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलिंग टॉवरचे पाणीच तीस अंशांच्या आसपास असते, क्रांतिक तापमानाला जवळजवळ टेकलेले. त्या पाण्याने कार्बन डायऑक्साइडचा द्रव होणार नाही. एक तर चिलर लावायचा आणि त्याची वीज मोजायची, किंवा सगळे काम क्रांतिक बिंदूच्या वरच चालवायचे आणि उष्णतेच्या त्या सुंदर फेऱ्याला मुकायचे. दुसरे असे, की साखर कारखान्यात वाफ बगॅसवर तयार होते. ती फुकट नाही, कारण सहवीज प्रकल्पातून वीज विकता येते. पण मॅसॅच्युसेट्समध्ये तेल जाळून केलेल्या वाफेइतकी ती महागही नाही. म्हणजे कमी दाबाची वाफ वाचवून बदल्यात वीज खर्च करायची, असा हा व्यवहार होतो आणि कारखान्याला तो उलटाच पडतो.

सर्वांत मोठा मुद्दा स्पेंट वॉशचा. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढले की आठ ते पंधरा लिटर काळसर, आम्ल सांडपाणी मागे राहते. प्रदूषण मंडळाच्या नियमांमुळे ते बाहेर सोडता येत नाही. आटवून बॉयलरमध्ये जाळावे लागते किंवा कंपोस्टात मुरवावे लागते. आजच्या आसवन्यांत ऊर्ध्वपातन स्तंभाच्या माथ्यावरची वाफ वाया जात नाही, तिच्यावरच हे आटवण्याचे काम बऱ्याच अंशी चालते. ऊर्ध्वपातन काढून टाकले तर आटवणीला वेगळी वाफ द्यावी लागेल. कार्बन डायऑक्साइडने अल्कोहोल काढले तरी पाणी तिथेच राहते, रंग आणि क्षारही तिथेच, आणि वर ते पाणी कार्बनी आम्लाने जास्त आंबट होते. दाबाखाली त्याचा पीएच तीनच्या आसपास उतरतो. साध्या पोलादाचे पाइप त्यात टिकत नाहीत. मळीच्या वॉशमध्ये यीस्ट, चुन्याचे क्षार आणि चिकट गाळ असतोच. तो शंभर बारच्या स्तंभातल्या जाळीदार भरणावर बसू लागला तर दर काही दिवसांनी यंत्रणा उघडून धुवावी लागेल. उच्च दाबाचे भांडे उघडणे-मिटणे हे आसवनीतल्या कामगाराच्या रोजच्या सरावातले काम नाही, आणि गळती झाली तर कार्बन डायऑक्साइड खाली साचून माणसाचा श्वास कोंडतो. आंबवणाच्या टाक्यांपाशी हा धोका आधीच आहे. त्यात भर घालायची तर कारणही तितके मोठे हवे.

एका गोष्टीत मात्र हिशेब आपल्या बाजूने आहे. 40 अंश आणि 100 बारला पाण्यात वजनाच्या जवळपास पाच टक्के कार्बन डायऑक्साइड विरघळतो. शंभर किलो वॉशमागे पाच किलो वायू पाण्याबरोबर बाहेर जातो असे धरले, तरी त्याच वॉशमधले दहा किलो अल्कोहोल तयार होताना साडेनऊ किलो वायू सुटलेला असतो. द्रावक विकत घ्यावा लागत नाही अशी निष्कर्षणाची दुसरी पद्धत मला माहीत नाही. पण ज्या उद्योगात अडचण द्रावकाच्या किमतीची नाही तिथे या सोयीने निर्णय बदलत नाही.

म्हणून इंधनाच्या इथेनॉलसाठी हा मार्ग मी बंद मानतो, निदान मळीच्या वॉशपुरता तरी. पेट्रोलमधले वीस टक्के मिश्रण देशाने ठरवलेल्या 2030 च्या मुदतीच्या बरेच आधी, 2025 मध्ये गाठले. ते ऊर्ध्वपातन आणि आण्विक चाळण्यांवरच गाठले गेले आणि त्यात काही कमीपणा नाही. पण अल्कोहोल आणि पाणी वेगळे करण्याचा प्रश्न इंधनापुरता कधीच नव्हता.

वाइन आणि बिअर घ्या. अल्कोहोलविरहित पेयांची मागणी वाढते आहे, आणि तिथे उलटाच प्रश्न आहे: अल्कोहोल जावे, पण वास आणि चव मागे राहावी. उकळले की सुगंधी एस्टर आधी उडतात आणि शिजल्यासारखी चव येते. इथे 40 अंशांवर काम करणारा, ऑक्सिजनविरहित आणि मागे काही न ठेवणारा द्रावक खरोखर मोलाचा आहे. स्पेनमध्ये 1990 च्या दशकात सायडरमधून अल्कोहोल काढण्याचे प्रयोग झाले, पुढे माद्रिदच्या संशोधकांनी ब्रँडी आणि वाइनवर काम केले. त्यांची दोन टप्प्यांची रीत मला फार शहाणपणाची वाटते. सुगंधी द्रव्ये कार्बन डायऑक्साइडला अल्कोहोलपेक्षा कितीतरी सहज वश होतात, म्हणून थोडासाच वायू फिरवून आधी फक्त सुगंध काढून बाजूला ठेवायचा. मग निर्वाताखाली कमी तापमानाला अल्कोहोल गाळायचे आणि सुगंध परत पेयात मिसळायचा. वायूची गरज किलोमागे शंभर किलोवरून कितीतरी खाली येते, कारण त्याच्यावर सोपवलेले काम थोडे आणि मौल्यवान असते. पडद्यांतून गाळणारे उलट परासरण आणि फिरत्या शंकूंचे स्तंभ ही या क्षेत्रातली प्रस्थापित यंत्रे आहेत आणि तीच अधिक चालतात. पण उंची मालात या पद्धतीला जागा आहे असे म्हणायला आधार आहे.

आणि ब्युटेनॉल. हा चार कार्बनांचा अल्कोहोल पहिल्या महायुद्धाच्या काळात खाइम वाइझमन यांच्या जिवाणूंनी मोठ्या प्रमाणावर तयार केला. स्फोटकांसाठी लागणारे ॲसिटोन हा त्या वेळचा हेतू होता आणि ब्युटेनॉल सोबत येत असे. इंधन म्हणून तो इथेनॉलपेक्षा पेट्रोलशी जास्त जुळतो. पण हे जिवाणू एक-दोन टक्के ब्युटेनॉल झाले की स्वतःच गुदमरतात, आणि एवढ्या विरल द्रावणातून तो गाळून काढायचा म्हणजे जवळजवळ सगळे पाणी तापवणे आले. कार्बन डायऑक्साइडला हा लांब शेपटीचा रेणू इथेनॉलपेक्षा पुष्कळ अधिक पसंत आहे. समतोलातले ते दहाव्या भागाचे बंधन इथे सैल होते, फिरवायचा वायू त्या प्रमाणात घटतो आणि मघाचा सगळा हिशेब दुसऱ्या बाजूला झुकतो. इथेनॉलसाठी ज्यांनी ही पद्धत नाकारली त्यांचे आकडे ब्युटेनॉलला लागू पडत नाहीत, हे पुरेशा जोराने सांगितले गेलेले नाही.

तिथेही एक अडथळा राहतो. दाट कार्बन डायऑक्साइड जिवाणूंना आणि यीस्टला मारतो. अन्न निर्जंतुक करायला तो याच गुणासाठी वापरतात. म्हणजे आंबवणाच्या टाकीलाच सत्तर-ऐंशी बारखाली ठेवून, तयार होता होता अल्कोहोल काढत राहणे जमणार नाही. टाकीतला द्रव बाहेर काढायचा, जिवंत पेशी पडद्याने गाळून मागे ठेवायच्या, उरलेला स्वच्छ द्रव दाबाच्या स्तंभातून फिरवायचा आणि दाब उतरवून परत टाकीत सोडायचा, असा फेरा बांधावा लागेल. परतलेल्या द्रवात विरघळून राहिलेला वायू आणि उतरलेला पीएच त्या जिवाणूंना किती फेऱ्यांपर्यंत सोसवतो, हे महिनोन्‌महिने चालवलेल्या लहान प्रकल्पात मोजायला हवे. महाराष्ट्रात त्यासाठी लागणारी मळी, आंबवणाचा अनुभव आणि उच्च दाबाची उपकरणे घडवणारे कारखाने, तिन्ही उपलब्ध आहेत.